वल्ह्याच्या तालावर शरीर आणि मन

‘रोज चालायला जा,’ असे सांगितले की पन्नाशी ओलांडलेली मंडळी गुडघ्यावर हात ठेवतात. चालताना शरीराचा भार गुडघ्यांवर येतो आणि दुखणे वाढेल अशी धास्ती वाटते. अशांसाठी आणखी एक चांगला व्यायाम आहे, तो म्हणजे होडी वल्हवणे. यात माणूस बसलेला असतो. गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही, तरीही हृदय व फुफ्फुसे कामाला लागतात.

वल्हे केवळ हातांनी मारायचे असते, हा गैरसमज आहे. हातांनी ओढणारा दहा मिनिटांत दमतो. पाय होडीत घट्ट रोवावेत, पाठ ताठ ठेवावी आणि जोर कमरेपासून वर यावा. त्यामुळे पाठ, खांदे, दंड आणि पोटाचे स्नायू एकदम वापरले जातात. दिवसभर गल्ल्यावर किंवा टेबलाशी वाकून बसणाऱ्यांचे नेमके हेच स्नायू दुबळे झालेले असतात.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम श्रम कसा ओळखावा? वल्हवताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी करावी आणि वेळ हळूहळू वाढवावी.

आता मनाचे पाहू. जपमाळेचा मणी जसा एकामागून एक सरकतो, तसे वल्हे एकाच तालात पाण्यात जाते व बाहेर येते. श्वासही आपोआप त्या तालाला लागतो. मन भरकटले की होडी तिरकी होते आणि लक्ष पुन्हा हातातल्या वल्ह्यावर येते. डोळे मिटून ध्यानाला बसणे ज्यांना जमत नाही, त्यांना पाण्यावर ही एकाग्रता सहज साधते. काठावर ध्यान लावून बसलेला बगळा, पाण्यात सूर मारणारा खंड्या, हे पाहताना घरची, दुकानाची काळजी थोडा वेळ तरी मागे पडते. आपण या सृष्टीचाच एक लहानसा भाग आहोत, ही जाणीव होते. शांत झोपेलाही याची मदत होते.

हे आपल्याला जमेल का, असे वाटत असेल तर दोन उदाहरणे पाहावीत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिलांनी २०१७ साली पर्यटकांसाठी कांदळवनाची सफर सुरू केली. होडी वल्हवण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हाती घेतले. त्यांनी वल्हे धरले ते रोजीरोटीसाठी, पण हे केवळ पुरुषांचे काम नव्हे हे त्यातून दिसले. दुसरे उदाहरण दत्तू भोकनळ यांचे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. लष्करात गेल्यावर त्यांनी वल्हे हाती घेतले. सुरुवातीला त्यांनाही पाण्याची भीती होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

पाण्याची भीती मात्र अनाठायी नाही. दरवर्षी आपल्याकडे नदी-तलावांत माणसे बुडतात. म्हणून पुढील पथ्ये पाळावीतच :

१) पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे व त्याचे सर्व पट्टे बांधावेत.
२) एकट्याने जाऊ नये. परवानगी असलेल्या ठिकाणी, जाणत्या माणसाबरोबरच जावे.
३) पावसाळ्यात, पुरात किंवा धरणातून पाणी सोडले असताना पाण्यात उतरू नये. खाडीत भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी.
४) वारा वाढला की काठ गाठावा. होडी उलटली तर ती सोडू नये, धरून राहावे.
५) सकाळची वेळ उत्तम. डोक्याला टोपी आणि सोबत पिण्याचे पाणी हवे.
६) अंगावर जखम असेल तर गढूळ पाण्यापासून दूर राहावे, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.
७) हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, पाठीचे किंवा खांद्याचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वल्हवताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून काठावर यावे.

आपल्या परिसरात नौकाविहाराची सोय असेल, तर पुढच्या वेळी नुसते प्रवासी म्हणून बसू नका. नावाड्याला विनंती करून थोडा वेळ वल्हे आपल्या हाती घ्या. दुसऱ्या दिवशी पाठ थोडी बोलेल, पण मन नक्कीच हलके झालेले असेल.