रक्तप्रवाह-नियंत्रित अल्पभार व्यायाम आणि मुठीची पकड

प्रस्तावना : मनगटाच्या अस्थिभंगानंतर प्लास्टर निघते, तेव्हा मुठीतील जोर बराच कमी झालेला असतो. स्नायूंचे बळ वाढविण्यासाठी कमाल क्षमतेच्या सुमारे ७० टक्के भार आवश्यक असल्याचे आपण शिकवितो. परंतु अशा हाताला तो सोसत नाही. अल्पभारातही बळ वाढविणाऱ्या एका पद्धतीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उगम : जपानचे योशिआकी सातो यांना १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर पोटऱ्यांत व्यायामानंतरचा फुगीरपणा जाणवला. त्यातून ‘कात्सू’ पद्धत विकसित झाली. पुढे २००० मध्ये ताकारादा व सहकाऱ्यांनी वयस्क स्त्रियांच्या दंडावर केलेल्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात, दाबासह दिलेल्या हलक्या भाराचा लाभ जड भाराच्या जवळपास आढळून आला.

कार्यतत्त्व : बोटे मिटविणारे मुख्य स्नायू तळहातात नसून कोपराखालील भागात असतात. म्हणून हवेचा पट्टा मनगटाला नव्हे, तर दंडाच्या वरच्या भागाला बांधतात. हाताकडे येणारे रक्त कमी होते, पण थांबत नाही. परतणारे रक्त मात्र अडते. प्राणवायू कमी पडल्याने व लॅक्टेटसारखे पदार्थ साचल्याने लहान तंतू लवकर थकतात आणि एरवी जड कामालाच लागणारे मोठे तंतू हलक्या भारातही कामाला लागतात, असे मानले जाते.

प्रमाण : २०१९ मध्ये संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २० ते ४० टक्के भार आणि रक्तप्रवाह पूर्ण थांबविणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के दाब सुचविला. डायनामोमीटरवर ४० किलो पकड असल्यास भार ८ ते १६ किलो होतो. ३०, १५, १५, १५ अशा एकूण ७५ आवृत्त्या, मध्ये ३० ते ६० सेकंद विश्रांती, आठवड्यातून दोन-तीन वेळा, असा क्रम रूढ आहे.

दक्षता : दाब हा दंडाचा घेर, पट्ट्याची रुंदी व रक्तदाब यांनुसार व्यक्तिगणिक बदलतो. साध्या रबरी पट्टीने तो मोजता येत नाही. २०१० च्या एका अभ्यासात, ६० टक्के भाराने चार आठवडे सराव केल्यावर दाब दिलेल्या हाताची पकड दुसऱ्या हातापेक्षा अधिक वाढली. मात्र त्याच हातातील रोहिणीची प्रसरणक्षमता घटली. म्हणजे वाढलेली पकड हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. रक्ताची गुठळी झालेल्या, उच्च रक्तदाब किंवा सिकलसेल असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय तपासणीविना हा व्यायाम करू नये. मध्य भारतातील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने याचे भान विशेष आवश्यक आहे. बधिरपणा किंवा मुंग्या आल्यास पट्टा त्वरित सोडावा.

समारोप : जड भार सोसणाऱ्या निरोगी विद्यार्थ्याला या पद्धतीची गरज नाही. दुखापतीतून सावरणाऱ्या हाताला मात्र, दाब मोजणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ती उपयुक्त ठरू शकते. व्यायामशाळेत कोणी दंडाला पट्टी आवळलेली दिसल्यास शिक्षकाने प्रथम ती सोडवावी आणि नंतर कारण समजावून सांगावे.