भुतालाही जात असते!

आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा भयपट ७ जून २०२४ रोजी आला आणि जोरात चालला. आमच्या वस्तीतल्या पोरांनीही तो पाहिला. हसली, घाबरली, विसरली. आम्ही मात्र विसरलो नाही. कारण या भुताला जात आहे.

साल १९५२, गाव कोकणातले. गोट्या या ब्राह्मण मुलाचे वयाने मोठ्या मुन्नीवर मन जडते. घरचे त्याची मुंज उरकतात. मुन्नी मिळावी म्हणून तो सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत मेला, म्हणून मुंज्या होऊन पिंपळाशी राहिला. पुढे तो बहिणीच्याच नातवाच्या मानगुटीवर बसतो.

मुलीला न विचारता तिच्यावर हक्क सांगणारी पुरुषी हाव हेच खरे भूत, हे चित्रपट दाखवतो. तेवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण मुंज कुणाची होते आणि कुणाची होत नाही, हे तो विचारत नाही. ब्राह्मणांनी उपनयन नाकारल्यामुळेच शूद्र खाली ढकलले गेले, असे बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात मांडले. ज्याला जिवंतपणी मुंज नाही, तो मेल्यावर मुंज्या कसा होणार? त्याची सोय वेगळी आहे. कोकणातल्या जुन्या समजुतींत शूद्राचे भूत देवचार, तर महार-मांगांचे खवीस! मसणातही चातुर्वर्ण्य सुटत नाही.

आणि झाड कोणते? पिंपळ! ज्याच्याखाली सिद्धार्थ गौतमाला संबोधी लाभली, त्याच झाडाखालून जायला आमची लेकरे तिन्हीसांजेला घाबरतात. २००७ साली पडद्यावर पेरियार उभे करणारे सत्यराज या चित्रपटात भूत उतरवतात, याला काय म्हणावे?

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. नवी पेठेत आमच्याकडे एक आई आली होती. मुलीला झटके येत होते. "साहेब, बाहेरचं हाय म्हणत्यात," ती म्हणाली. देवऋषीने पोरीला दोरीने बांधून मारले होते. घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर! आम्ही पोरीला दवाखान्यात पाठवले. फिट्सचा आजार निघाला, गोळ्यांनी उतार पडला. तक्रार द्यायला मात्र आई शेवटपर्यंत तयार झाली नाही. तिला भीती देवऋषीची होती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पण फिर्यादच नसेल तर कायदा काय करणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी आत्म्यावरचा विश्वास धम्माबाहेर ठेवला. आत्माच नाही, तर भूत कुठले आणि त्याची जात कुठली?

बंधू-भगिनींनो, चित्रपट जरूर पाहा. पण घरी आल्यावर मुलांशी बोला. येत्या पौर्णिमेला त्यांना संध्याकाळी पिंपळाखाली घेऊन बसा. आणि शेजारी कुणाच्या लेकीला देवऋषीकडे नेत असतील, तर आधी दवाखाना आणि मग पोलीस ठाणे गाठा. सोबत यायला आम्ही तयार आहोत.

जयभीम!