पोरगं शाळेत दंगा करतंय? मारताही येत नाही, दाखला देऊन घालवताही येत नाही

सहावी-सातवीतलं पोरगं वर्गात मोबाईल आणतं, बेंच मोडतं, लहान पोरांना दमदाटी करतं. मग शाळेतून फोन येतो, "येऊन भेटा." आपल्याकडचे बरेच पालक जाऊन एकच सांगतात, "गुरुजी, चार फटके द्या, आम्ही काय म्हणणार नाही." पण पालकाच्या परवानगीनं कायदा बदलत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. मोडलं तर शिक्षकावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होते.

दुसरी गोष्ट दाखल्याची. "तुमचा मुलगा आम्हाला नको, दाखला घेऊन जावा," असं ऐकलं की पालक मुकाट्यानं अर्जावर सही करतात. तिथंच फसतात. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी आणि आठवीला फेरपरीक्षेतही नापास झाला तर आता त्याच वर्गात ठेवता येतं, पण काढून टाकायची बंदी तशीच आहे. मात्र दाखल्याचा अर्ज तुम्हीच दिला, तर कागदावर ती तुमची मर्जी ठरते. म्हणून सही करण्याआधी, काढायचं कारण लेखी मागा.

मग शिक्षकांनी करायचं तरी काय? हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. वर्ग मोठा, वर ऑनलाईन माहिती भरायचं काम, आणि दोन पोरं सगळा तास खातात. यासाठी सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि मुख्याध्यापक सचिव. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरतीच उरलीय. पोरगं कधीपासून बिघडलं, कुणाच्या संगतीत असतं, मोडलेला बेंच कुणी भरून द्यायचा, हे दोन्हीकडच्या पालकांसमोर तिथं बोलता येतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. दंड पालकाला, पोराला नव्हे! शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवून संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. तो वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मोठ्यांचेसुद्धा.

मारहाण झालीच असेल तर आधी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन मोफत आहे, रात्रीही लागते.