बियाण्याच्या पिशवीवरील आश्वासने आणि ग्राहक कायदा

पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या दुकानांत रंगीत पिशव्यांची रास लागते. एखादीवर टपोऱ्या बोंडांचे चित्र असते, एखादीवर एकरी अमुक क्विंटल उत्पन्नाचे आश्वासन. ही विक्रेत्याची नुसती बढाई समजून शेतकरी ती सोडून देतो. कायदा तसे मानीत नाही. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत वेष्टन, खूणचिठ्ठी, परिपत्रक व पावतीसुद्धा येते. म्हणजे पिशवी हीच जाहिरात होय. मालाचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी अथवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते.

हमीच्या बाबतीत एक तरतूद विशेष उपयोगाची आहे, आणि नेमकी तीच सहसा कोणास ठाऊक नसते. पुरेशी व योग्य चाचणी घेतल्यावाचून मालाच्या गुणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. चाचणी घेतली होती असा बचाव विक्रेत्याने केल्यास ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर पडतो, शेतकऱ्यावर नव्हे.

शेतकरी माल पिकवून विकतो, म्हणून तो ग्राहकच नव्हे, असाही युक्तिवाद केला जात असे. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून निघालेल्या राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो फेटाळला. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला नाही, ही हरकतही टिकली नाही. शेतकरी विकत घेतलेले सगळे बी पेरतो, तपासणीसाठी राखून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने मानले.

तथापि पीक बिघडले की बियाणे खोटेच, असे नव्हे. सोयाबीन खोल पडले, पावसाने ओढ दिली किंवा जोराच्या सरीने जमीन चोपून बसली, तरी उगवण विरळ होते. म्हणून पाहणी पीक शेतात असतानाच व्हावयास हवी. पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिल्यावर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेत पाहून पंचनामा करते. शेजारच्या शेतात त्याच सुमारास दुसरे बियाणे पेरले असल्यास त्याची उगवणही समितीस नोंदवून घ्यावयास सांगावी. हा पुरावा बोलका असतो.

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार विक्रेत्याने रोखीची वा उधारीची पावती देणे बंधनकारक आहे. ‘नंतर देतो’ ह्यावर विसंबू नये. पावतीवरील वाण व गट क्रमांक पिशवीशी ताडून पाहावा. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरची शिवण व खूणचिठ्ठी शाबूत राहते. मूठभर बीही तीतच ठेवावे.

नुकसानभरपाईसाठी शेतकरी जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बियाण्यास दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील देण्याचीही सक्ती नाही.