पाव, पोळी आणि चिमूटभर यीस्ट

काही महिन्यांपूर्वी मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात सासू-सुनेची एक जोडी आली. सुनेला पाचवा महिना. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप, रात्री पायांत गोळे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. सकाळी काय खातेस, असे विचारले. "चहा-पाव. कधी खारी, कधी बटर. दुसरं काही जातच नाही," असे उत्तर आले.

मी सासूबाईंना म्हणालो, "मावशी, हा पाव कमी करा. तिला पोळी-भाजी, उसळ द्या."

त्यावर मावशी म्हणाल्या, "पण डॉक्टर, पावात यीस्ट असतं ना? यीस्टमध्ये खूप जीवनसत्त्वं असतात, असं मी वाचलंय. पोळीत काय, नुसतं पीठ आणि पाणी. मग पावच जास्त पौष्टिक नाही का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मावशींनी वाचलेली माहिती खरी होती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. अशी चूक अनेक सुशिक्षित घरांतही होते. म्हणून आज पाव, पोळी आणि यीस्ट यांचा हिशेब नीट मांडून पाहू.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय बुरशी आहे. ओल्या पिठातील साखरेवर ती वाढते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. हा वायू पिठाच्या चिकट गोळ्यात अडकतो व पाव फुगतो. 'पाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. गोव्यातील पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पीठ आंबवीत. त्या सुरेतही काम करीत असे ते यीस्टच. आता बहुतेक बेकऱ्यांत तयार यीस्ट वापरतात. पोळी किंवा भाकरी मात्र न आंबवता लगेच भाजली जाते.

आता आकडे पाहू. १०० ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. ब-१ जीवनसत्त्व सुमारे ११ मिलिग्रॅम, तर फॉलिक आम्ल गटातील जीवनसत्त्व, म्हणजे फोलेट, दोन हजार मायक्रोग्रॅमहून अधिक असते. याउलट १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात प्रथिने १० ते १२ ग्रॅम, ब-१ जेमतेम अर्धा मिलिग्रॅम आणि फोलेट ३० ते ३५ मायक्रोग्रॅम. वजनाला वजन लावून तुलना केली, तर यीस्टपुढे गव्हाचे पीठ फारच गरीब ठरते.

पण यीस्ट आपण वाटीने खातो का? एक किलो मैद्याला सुके यीस्ट लागते साधारण १० ग्रॅम. त्यात तीसएक पाव होतात. म्हणजे एका पावाच्या वाट्याला यीस्ट आले एक तृतीयांश ग्रॅम! त्यातून फोलेट मिळणार सात-आठ मायक्रोग्रॅम, त्यातलेही काही भट्टीच्या उष्णतेने नष्ट होणार. गर्भवतीची रोजची गरज ५०० मायक्रोग्रॅमहून अधिक असते. ती नुसत्या पावातील यीस्टवर भागवायची, तर सुनेला रोज सत्तरएक पाव खाऊ घालावे लागतील!

तेव्हा पावाचे पोषण ठरते ते पिठावरून. आपला लादीपाव मैद्याचा. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकतात आणि त्यांच्याबरोबर बरेच काही निघून जाते. १०० ग्रॅम कणकेत लोह ४ ते ५ मिलिग्रॅम, तर मैद्यात दोन-अडीच. तंतुमय भाग कणकेत सुमारे ११ ग्रॅम, मैद्यात तीनाच्या आत. ब-१ जीवनसत्त्व तर मैद्यात कणकेच्या चौथ्या हिश्श्याइतकेच उरते. भाकरीकडे वळलो, तर बाजरीत लोह ६ ते ८ मिलिग्रॅम आणि नाचणीत कॅल्शियम सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. गव्हाच्या पिठातील कॅल्शियमच्या हे कितीतरी पट झाले.

मुंबईतली एक जुनी हकिगत

मावशींच्या प्रश्नाने मला आपल्याच मुंबईत घडलेली एक गोष्ट आठवली. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. त्या काळी येथील गरीब गर्भवती स्त्रियांत एका विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाने फार मृत्यू होत. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. परळच्या हाफकिन संस्थेत व येथील रुग्णालयांत काम करून डॉ. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि रोगी बरे होऊ लागले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले.

हा घटक म्हणजेच फोलेट. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी फॉलिक आम्ल वेगळे केले ते कशातून, ठाऊक आहे? पालकाच्या पानांतून! 'फोलियम' म्हणजे लॅटिनमध्ये पान, त्यावरूनच हे नाव पडले. ज्या गुणासाठी यीस्टचे इतके कौतुक, तो गुण भाजीवालीच्या टोपलीत आहे. पालक, चवळई, मेथी यांत तो आहे. हरभरा, चवळी, मूग यांतही भरपूर आहे. १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे २०० मायक्रोग्रॅम फोलेट असते. फक्त भाजी फार वेळ उकळू नये आणि तिचे पाणी फेकू नये.

मग आंबवण्याचा उपयोग काहीच नाही?

आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोह व जस्त यांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हे क्षार आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जात नाहीत. पीठ आंबवले की फायटेट बरेच कमी होते. मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधील शिराझला काम करीत होते. तेथे त्यांना एकवीस वर्षांचा एक तरुण दिसला. वाढ इतकी खुंटलेली, की दहा वर्षांचा मुलगा वाटावा. त्याचे मुख्य अन्न होते न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि त्यात मातीही खाण्याची सवय. अशा रुग्णांच्या अभ्यासातून, पुढे इजिप्तमधील संशोधनातून, माणसाला होणाऱ्या जस्ताच्या कमतरतेचा शोध लागला.

म्हणून पोळी चांगली असली, तरी नुसत्या पोळीवर भागत नाही. मैद्याच्या पावाची गंमत अशी, की त्यात फायटेट कमी असले तरी कोंड्याबरोबर लोहही गेलेले असते. आंबवून मोकळे करायला तिथे उरतेच काय? त्यापेक्षा पोळी-भाकरीबरोबर मोड आलेली मटकी किंवा मूग खावेत. मोड आल्यानेही फायटेट घटते. इडली, ढोकळा, नाचणीची आंबील हे आपल्या घरचे आंबवलेले पदार्थ आहेतच. जेवताना लिंबू पिळले, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर नेमके उलटे होते. आमच्या सुनबाई लोह आधीच कमी असलेला पाव चहात बुडवून खात होत्या!

दोन इशारे

पहिला इशारा शुद्ध शाकाहारी मंडळींना. यीस्टमध्ये ब गटातील बरीच जीवनसत्त्वे असली, तरी ब-१२ नसल्यातच जमा असते. माझे एक निवृत्त, शाकाहारी रुग्ण तळपायांची आग व मुंग्यांसाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून वर्षभर यीस्टच्या गोळ्या घेत होते. तपासणीत ब-१२ अगदी कमी निघाले. येथे धोका असा, की फॉलिक आम्लाने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. उशीर झाला तर ती कायमची होऊ शकते. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी रक्त तपासून घ्यावे.

दुसरा इशारा सोड्याविषयी. खाण्याचा सोडा पीठ फुगवतो, पण पोषण म्हणून काहीच देत नाही, उलट ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतो. चहाच्या एका चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते. दिवसभरात सोडियम दोन ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रोग्यांनी हे विसरू नये.

वडापाव, पावभाजी कधीतरी जरूर खावी. रोजच्या न्याहारीला मात्र पोळी, भाकरी किंवा थालीपीठ असावे. 'ब्राउन ब्रेड' घेताना रंगावर जाऊ नका. वेष्टनावर गव्हाचे पीठ किती टक्के आहे ते वाचा. कच्चे यीस्ट पौष्टिक म्हणून कधीही खाऊ नका.

आणि ज्यांच्या घरी गर्भवती आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे, की केवळ आहारावर विसंबून चालत नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. सरकारी आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत मिळतात. रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची. शौचाला काळे होते म्हणून ती बंद करू नये. गर्भाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या महिन्यातच होते, म्हणून फॉलिक आम्ल दिवस राहण्यापूर्वीच सुरू केलेले उत्तम.

त्या सुनेला मी त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवले. उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि घरचा चहा-पाव बदलला. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेनऊवर आले. मावशी स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, पाववाल्याला आता फक्त रविवारी यायला सांगितलंय."