जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन: बसेल का, यापेक्षा गाडी ते ओळखेल का?

गेल्या जुलैत रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. "दादा, गाडी बंद पडली रे. सेल्फ मारतोय, पण टक् असा आवाज येतो आणि थांबते."

मी विचारलं, "कुठे आहेस?"

"कल्याणला, वालधुनीच्या बाजूला. रस्त्यावर पाणी आहे."

"आता चावीला हातसुद्धा लावू नकोस," मी म्हटलं. पण तोवर त्याने चार-पाच वेळा सेल्फ मारून झाला होता.

गाडी साधी नव्हती. २००७ ची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर. दोन सीटची, बटण दाबलं की छप्पर दुमडून डिकीत जातं अशी. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून त्याने ती साडेनऊ लाखांना घेतली होती, त्यातले सहा लाख पर्सनल लोनचे. मामाला वाटतंय कर्ज तीन लाखांचंच आहे. डोंबिवलीत बिल्डिंगखाली ती उभी राहिली की पोरं फोटो काढायला यायची. आता तीच गाडी ताडपत्रीखाली होती आणि भाऊ रोज मला इंजिन बदलण्याच्या रील्स पाठवत होता. प्रश्न एकच: "दादा, हे आपल्याला जमेल का?"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनीही अशा रील्स पाहिल्या असतील. म्हणून त्याला जे सांगितलं, ते इथे नीट मांडतो.

आधी, इंजिन मेलं कसं?

इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. भावाच्या गाडीत एक रॉड वाकला आणि ब्लॉकला तडा गेला.

म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा, गाडी ऑल्टो असो की एसएलके: पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून बाजूला घ्या. आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन आहे का ते आजच तपासा. ते नसेल तर पाणी जाऊन झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. भावाकडे ते नव्हतं.

समोर आलेले तीन पर्याय

पहिला, रील्समधला लाडका: टोयोटाचं २जेझेड. तीन लिटर, सहा सिलिंडर, बीड धातूचा ब्लॉक, टर्बोसकट. दुसरा, एका मेकॅनिकने सुचवलेला: भंगारात निघालेल्या सी २२० सीडीआयचं डिझेल इंजिन. "मायलेज पण मिळेल," म्हणे. तिसरा, कुणालाच आवडला नाही असा: त्याच जातीचं इंजिन शोधणं. एसएलके २०० मधलं १,७९६ सीसीचं एम२७१ हे इंजिन त्या काळच्या सी २०० कॉम्प्रेसरमध्येही होतं, आणि ती सेडान आपल्याकडे भरपूर विकली गेली. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात ते सापडण्याची शक्यता बरीच.

भावाचा कल अर्थातच पहिल्याकडे. "दादा, होल्डिंग पॉइंट वेल्ड करून घेतात. बसतं."

बसतं, मान्य. पण बसणं हा कामाचा सोपा भाग आहे.

मोबाइलवरून समजून घ्या

आयफोन ११ पासून बाहेरचा डिस्प्ले लावला की फोन सांगतो, हा भाग ओळखीचा नाही. काच तीच, टच चालतो, तरी फोनला कळतं. कारण आतले भाग एकमेकांची ओळख पटवून घेतात.

२००७ ची मर्सिडीज हेच करते. चावी, स्टिअरिंगचं कुलूप, इंजिनाचा कम्प्युटर आणि गिअरबॉक्स एकमेकांशी जोडीने बांधलेले असतात. चावीला अनोळखी कम्प्युटर दिसला तर गाडी सुरूच होत नाही. पुढे ब्रेकचं एबीएस, घसरण रोखणारं ईएसपी, मीटर, एसी हे सगळे कॅन बस नावाच्या जाळ्यावरून बोलत असतात. ईएसपी दर क्षणी इंजिनाला विचारतं, "किती जोर लावतोयस?" आणि चाक घसरलं की सांगतं, "कमी कर." टोयोटाचं इंजिन ही भाषा बोलत नाही. मग लोक वेगळा कम्प्युटर लावतात आणि ईएसपीचा दिवा कायम पेटलेला राहतो. रीलमध्ये तो दिवा दिसत नाही. पावसात घोडबंदर रोडच्या उतारावर मात्र त्याचा अर्थ कळतो.

त्यात वजन आणि जोर. एसएलके २०० चं इंजिन २४० न्यूटन मीटर टॉर्क देतं. सी २२० सीडीआयचं डिझेल ३४० देतं. म्हणजे गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल, पुढची स्प्रिंग, रेडिएटर, सगळ्यांचा हिशेब पुन्हा करायचा. इंजिनाची किंमत ही खर्चाची सुरुवात असते.

डोंबिवलीकरांना हे नवीन नाही

गंमत म्हणजे परक्या इंजिनाचं सगळ्यात यशस्वी उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर ज्या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, जिथे ९० च्या दशकात प्यूजो ३०९ बनली, त्याच कंपनीने १९८५ मध्ये प्रीमियर ११८ एनई आणली होती. सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा, इंजिन जपानच्या निसानचं, १,१७१ सीसीचं ए१२.

"बघ, झालं ना मग!" भाऊ म्हणाला.

झालं. पण निसानच्या इंजिनासोबत गिअरबॉक्सही निसानचाच घेतला होता. गाडी कारखान्यातून निघतानाच तिच्या कागदावर तेच इंजिन होतं. आणि त्या काळात कॅन बस नव्हती, चावी म्हणजे फक्त चावी होती. कंपनीने गाडी नव्या इंजिनाभोवती उभी केली. गाळ्यात आपण इंजिन गाडीत कोंबतो.

आता कायदा

एमपरिवहन किंवा डिजिलॉकर उघडा आणि आपली आरसी बघा. इंजिन नंबर, इंधन, सीसी, सगळं तिथे लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेला आणि आरसीवर असलेला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

सीएनजी किंवा बॅटरीवर नेण्याची वाट कायद्यात आहे, पण त्यासाठी मंजूर किटच लागतं. गाळ्यात जुळवलेली मोटर चालत नाही.

दंड भरून सुटू असं वाटत असेल तर पुढचं वाचा. अपघात झाला आणि आरसीवरचं इंजिन गाडीत नाही असं विमा कंपनीला दिसलं, तर क्लेम अडकतो. समोरच्याला लागलं असेल तर ते प्रकरण आयुष्यभर पुरेल. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि त्या वेळी गाडी तपासली जाते. भावाची पुढची तारीख २०२७. आयात केलेल्या चारचाकीची ही फी एप्रिल २०२२ मध्ये ४०,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला ८०,००० आहे. एवढे पैसे घेऊन जायचं आणि इंजिन नंबर जुळत नाही म्हणून परत यायचं?

मग मी काय सांगितलं

त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन, आरटीओची आधी परवानगी घेऊन. तुम्हीही अशा वळणावर असाल तर क्रम असा ठेवा:

१. आरसी आपल्या नावावर आहे का बघा. भावाची अजून ठाण्याच्या मालकांच्याच नावावर होती. डोंबिवली कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच-०५ मध्ये येतं. नाव बदलल्याशिवाय अर्जच करता येणार नव्हता.

२. भंगारातून इंजिन घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या कागदांची प्रत घ्या. इंजिन नंबर खरवडलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं असू शकतं.

३. आपल्या गाडीचा कम्प्युटर, चावी आणि वायरिंग तेच ठेवा. आणलेल्या इंजिनाचं फक्त शरीर घ्या. बुद्धी जुनीच राहू द्या, म्हणजे ओळखीचा प्रश्न येत नाही. मात्र वर्षागणिक त्याच इंजिनाचे प्रकार बदलले आहेत, ते आधी जुळवा.

४. बसवण्याआधीच टायमिंग चेन, तिचा टेन्शनर, सील आणि वॉटर पंप बघून घ्या. इंजिन बाहेर असताना हे काम स्वस्त पडतं.

५. सगळ्या खर्चाची बेरीज करा आणि ती गाडीच्या आजच्या किमतीशेजारी लिहा. आकडा अर्ध्याच्या वर गेला तर जशी आहे तशी विकण्याचाही विचार करा.

पाचव्या मुद्द्यावर भाऊ दोन दिवस बोलला नाही. बेरीज जवळपास चार लाखांवर गेली होती. तिसऱ्या दिवशी त्याने मामाला कर्जाचा खरा आकडा सांगितला. मामा ओरडला, मग म्हणाला, "विकून हप्ते फिटणार आहेत का? नाही ना? मग नीट कर."

आरसी आता त्याच्या नावावर आहे आणि इंजिनासाठीचा अर्ज कल्याणला दिलाय. सी २०० मधलं एक इंजिन बिलासकट मिळालंय, ते गाळ्यात लाकडी पाटावर ठेवलंय. परवानगी हातात येईपर्यंत बसवायचं नाही असं ठरलंय. तोवर भाऊ डोंबिवलीहून साडेआठची लोकल पकडतो. काल त्याने मला पुन्हा एक रील पाठवली: एसएलकेमध्ये २जेझेड. खाली लिहिलं होतं, "दादा, नुसतं बघ."

मी बघितली. आवाज भारी होता. मीटरवर तीन दिवे पेटलेले होते.