मोटारीच्या अलार्मला डिकीचे कुलूप जोडताना : रिलेचे कार्य व विद्युत सुरक्षितता

प्रस्तावना :

सोलापुरातील अनेक व्यापाऱ्यांच्या बाबतीत मोटारीची डिकी म्हणजे अर्धे दुकानच असते. दोन्ही हातांत चादरींचे गठ्ठे घेऊन आलेल्या माणसास खिशातील किल्ली शोधणे शक्य नसते. बाजारातून बसवून घेतलेल्या अनेक अलार्मच्या रिमोटवर डिकीसाठी स्वतंत्र बटण असते. अशा उपकरणांच्या प्रसारास विम्याचाही हातभार लागला. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणासाठी हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, सवलत ठेवण्यात आली होती. मात्र डिकीचे बटण बहुधा वापराविना राहते किंवा त्याची जोडणी चुकीची होते. ही चूक कोठे होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी जुनी सेदान घेतली, तेव्हा एका कारागिराने डिकीच्या सोलेनॉइडचे एक टोक बॅटरीच्या धन टोकास व दुसरे थेट अलार्मच्या तारेस जोडले. दोन-तीन वेळा नुसता खटका वाजला. चौथ्या वेळी अलार्मचा तो भाग कायमचा निकामी झाला. माल डुप्लिकेट असल्याचे निदान कारागिराने केले. वस्तुतः माल ठीक होता, गणित चुकले होते.

प्रवाहाचे गणित :

अलार्मची डिकीची तार बहुतेक वेळा 'ऋण' असते. म्हणजे बटण दाबताच ती १२ व्होल्ट देत नाही, तर क्षणभर अर्थ देते. हे काम आतील एक लहान ट्रान्झिस्टर करतो व त्याची क्षमता सामान्यतः ०.२ ते ०.५ अँपिअर असते. सोलेनॉइडला मात्र क्षणभर का होईना, ५ ते १० अँपिअर लागतात. ही दरी रिले भरून काढतो. मोटारीच्या नेहमीच्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ८५ ओहम असतो; १२ व्होल्टला तीतून ०.१४ अँपिअर वाहतो. तेवढे अलार्मला सहज पेलते.

जोडणी पुढीलप्रमाणे करावी. रिलेच्या ८५ क्रमांकाच्या पिनेस अलार्मची तार, ८६ व ८७ या पिनांस फ्यूजमधून आलेले १२ व्होल्ट आणि ३० क्रमांकास सोलेनॉइडची तार जोडावी. सोलेनॉइडचे दुसरे टोक बॉडीवर अर्थ करावे. ८५ व ८६ यांच्यामध्ये एक डायोड, पट्ट्याची बाजू ८६ कडे ठेवून, अवश्य बसवावा. कॉइलचा प्रवाह तुटताच चुंबकीय क्षेत्र कोसळते व उलटा दाब निर्माण होतो. विद्यार्थ्यांना आपण हा लेन्झचा नियम फळ्यावर शिकवतो. येथे तोच नियम ट्रान्झिस्टर जाळतो.

तार किती जाड असावी, हाही गणिताचाच प्रश्न आहे. पुढून डिकीपर्यंत सुमारे ५ मीटर तार लागते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १० अँपिअरला १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जेमतेम ०.३५. बॅटरी थोडी उतरली की बारीक तारेवरची डिकी का उघडत नाही, हे यावरून लक्षात येते. फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा. तो सोलेनॉइडसाठी नसून तारेसाठी असतो. डिकीत बसवलेला फ्यूज मधल्या पाच मीटरचे रक्षण करीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद मोटारीत उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते. चिकटपट्टीचा गोंद तेथे पाघळतो व सांधा उघडा पडतो. सांधे सोल्डर करून त्यांवर आकसणारी नळी चढवावी.

काही अपवाद :

अनेक जुन्या मोटारींत डिकी चालकाच्या आसनाजवळील खटक्याने व केबलने उघडते. तेथे सोलेनॉइड वेगळा बसवावा लागतो. दरवाज्याच्या सेंट्रल लॉकची मोटर बऱ्याचदा अपुरी पडते. याउलट अलीकडील कित्येक मोटारींत डिकीचे बटण संगणकीय नियंत्रकास केवळ अर्थचा संकेत देते. त्या तारेवर १२ व्होल्ट सोडल्यास नियंत्रकच जळू शकतो. म्हणून आधी मीटर लावून तार ओळखावी. दिव्याची टेस्टर वापरू नये आणि पिवळ्या आवरणातील एअरबॅगच्या तारांना हात लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. मोटार वॉरंटीत असल्यास अशी जोडणी करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.

इंजिन चालू असताना हे बटण निष्क्रिय होते की नाही, हे तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. होत नसल्यास इग्निशनवर चालणारा दुसरा रिले घालून पहिल्याचा पुरवठा तोडावा. महामार्गावर उघडलेली डिकी चालकाची मागील दृष्टीच झाकते. अलार्म लागू असताना रिमोटने डिकी उघडली, तर डिकीचा स्विच व धक्क्याचा सेन्सर काही काळ गप्प राहायला हवेत, अन्यथा मालकाच्याच हातून भोंगा वाजतो. किल्लीचे मूळ कुलूप मात्र काढू नये. बॅटरी पूर्ण उतरल्यावर रिमोट कामास येत नाही, आणि जंपर केबल नेमकी डिकीत असते.